हळर्ण ते बोरोदिनो

७ सप्टेंबर १८१२ रोजी मॉस्कोच्या वाटेवर बोरोदिनो येथे नेपोलियन व रशिया यांचे घनघोर युद्ध झाले. मृत व जखमी मिळून सुमारे ७० हजार माणूस एका दिवसात खर्ची पडला. फ्रेंचांच्या बाजूने मार्शल ने याच्या दलात पोर्तुगीज पलटणीही लढल्या. १८०८ साली फ्रान्सला नेलेल्या या सैन्याचा सेनापती होता हळर्णचा तिसरा मार्किस.

हरमलच्या वाचकास हे नाव परके कसे वाटावे? हळर्ण म्हणजे आपल्याच पेडणे महालातील, शापोरा नदीकाठचा किल्ला. विजरई पेद्रु मिगेल द आल्मेदा याने तो १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि पोर्तुगालच्या राजाने त्यास त्या किल्ल्याच्याच नावाची सरदारकी दिली. पराभव भोसल्यांचा, मिरवणूक लिस्बनात! पेडणे महाल कायमचा पोर्तुगीज अमलात गेला तो मात्र १७८८ साली.

तिसरा मार्किस हा या विजरईचा नातू. स्वतः तो बोरोदिनोस नव्हता. मोगिलेवचा कारभार त्याच्याकडे होता. माघारीत सैन्याची वाताहत झाली आणि जानेवारी १८१३ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे तो वारला. फ्रेंचांना मिळाल्याबद्दल स्वदेशाने त्यास आधीच देशद्रोही ठरविले होते. तो कलंक धुवून निघावा म्हणून झटली ती त्याची बहीण लिओनोर, पोर्तुगीज भाषेतील नामांकित कवयित्री. वाङ्मयेतिहासात तिची नोंद 'हळर्णची मार्केझा' अशीच होते. हळर्ण तिने कधी पाहिलेही नव्हते.