एका वाक्याची शिक्षा

मोटार शर्यतींच्या जुन्या इतिहासात बायकांची नावं मोजकीच. त्यांतलं एक एले नीस. खरं नाव मारिएत एलेन दलांगल. जन्म 15 डिसेंबर 1900, फ्रान्समधल्या एका खेड्यात. वडील गावचे पोस्टमन. पोरगी पॅरिसला गेली, रंगमंचावर नाचून नाव नि पैसा दोन्ही मिळवले. पुढे बर्फावरच्या खेळात गुडघा दुखावला आणि नाच संपला. दुसरी कुणी हाय खाऊन घरी बसली असती, हिने मोटारीचं चाक हाती धरलं.

1929 मध्ये पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर तिने बायकांची शर्यत जिंकली. त्याच डिसेंबरात बुगाटी गाडी ताशी 197 किलोमीटरच्या वर पळवून बायकांमधला वेगाचा विक्रम केला. मग अमेरिकेचा दौरा झाला, युरोपातल्या ग्रां प्री शर्यतींत ती पुरुषांच्या बरोबरीने उतरू लागली. 1936 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात शर्यत संपता संपता तिची गाडी उलटून गर्दीत गेली. प्रेक्षक दगावले, ती स्वतः काही दिवस बेशुद्ध होती. तरी 1937 मध्ये ती पुन्हा मोंलेरीला आली आणि इतर बायकांसोबत दहा दिवस, दहा रात्री आळीपाळीने गाडी चालवून तिने लांब पल्ल्याचे विक्रम केले.

एवढ्या अपघाताने जी मोडली नाही, ती एका वाक्याने मोडली. 1949 साली मोंते कार्लो रॅलीच्या आधीच्या मेजवानीत लुई शिरों या नामांकित ड्रायव्हरने भर सभेत तिच्यावर आरोप केला, की युद्धात ही जर्मनांच्या गेस्टापोची हस्तक होती. पुरावा काही दिला नाही. पण तेव्हाच्या फ्रान्समध्ये असा नुसता संशयही पुरे होता. ओळखीपाळखीचे दूर झाले, शर्यतीतली कारकीर्द संपली. 1984 मध्ये नीस शहरात, दुसऱ्यांच्या मदतीवर दिवस काढत ती वारली. चरित्रकार मिरांडा सीमोर यांनी पुढे कागदपत्रं धुंडाळली, आरोपाला आधार सापडला नाही.

शिरोंच्या नावाने आज बुगाटीची एक महागडी गाडी आहे. हिचं नाव मात्र घरच्यांच्या थडग्यावरही कितीतरी वर्षं नव्हतं.

आपण प्रतिक्रमणात अठरा पापस्थानं म्हणतो. तेरावं अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणं. हिंसा, चोरी यांच्याच ओळीत ते ठेवलंय, उगीच नाही. मला तर वाटतं, बायकांच्या जगात हे पाप जास्त लागतं. सोयरीक मोडायला, सुनेला कायमची खाली मान घालायला लावायला, हळदीकुंकवातलं एक "म्हणे" पुरतं. आणि बोलणारी एकटी नसते. त्या मेजवानीतही शिरों एकटाच बोलला, पण "पुरावा कुठाय?" असं बाकीच्यांनी ठामपणे विचारलं असतं, तर?

संवत्सरीला आपण सगळ्यांना मिळून मिच्छामि दुक्कडं म्हणून मोकळ्या होतो. ते म्हणावंच. पण आळ चारचौघींत घेतला असेल, तर तो मागे घ्यायचा तोही त्याच चारचौघींत, नाव घेऊन. नाहीतर क्षमा आपल्या मनापुरती राहते, डाग तिच्या नावावर तसाच राहतो.