अंगानं बारीक, तरी शुगर कशी? सहा गावांच्या मोजमापातून उभं राहिलेलं डॉ. याज्ञिक यांचं संशोधन

मधुमेह म्हणजे जाड्या, शहरी, बसून खाणाऱ्या माणसाचा आजार, असं गावाकडं अजूनही बोललं जातं. प्रत्यक्षात शेतात राबणाऱ्या, अंगानं काटकुळ्या माणसाच्याही रक्तात साखर निघते. हे असं का होतं, याचं उत्तर शोधणाऱ्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव जगभर घेतलं जातं. त्यांच्या कामाचा मोठा भाग लॅबमध्ये झाला नाही. तो पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत झाला.

1993 मध्ये हा अभ्यास सुरू झाला. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी तेव्हा एक वेगळाच मुद्दा मांडला होता. आईच्या पोटात बाळाची जी उपासमार होते, तिचा हिशोब म्हातारपणी हृदयविकार आणि मधुमेहाच्या रूपानं चुकवावा लागतो, असा तो मुद्दा. आपल्याकडं कमी वजनाची बाळं भरपूर आणि मधुमेहही भरपूर, म्हणून तो इथं तपासून बघायचं ठरलं.

काम सोपं नव्हतं. गावातल्या लग्न झालेल्या बायकांकडं कार्यकर्त्या दर महिन्याला जायच्या, पाळीच्या तारखा लिहून घ्यायच्या. दिवस राहिले की आईचं वजन, खाणं, रोजची कामं आणि रक्त, सगळ्याची नोंद व्हायची. अशा सुमारे 800 गरोदर बायकांची माहिती जमा झाली. गरोदरपणाआधी या बायकांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होतं. ज्या घरात पहाटेपासून पाणी, चारा, स्वयंपाक आणि वर खुरपणी बाईच्याच माथी असते, तिथं या आकड्याचं फार नवल वाटायला नको.

जन्मलेल्या बाळांची टेपनं आणि कातडीची चिमूट मोजायच्या यंत्रानं मोजणी झाली. पूर्ण दिवसांच्या 631 बाळांची तुलना साउथॅम्प्टनच्या 338 गोऱ्या बाळांशी केली. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, तिकडचं 3.5 किलोचं. इथवर अपेक्षेप्रमाणंच होतं. पण आपल्या बाळाचं पोट आणि दंड जितके बारीक होते, तितकी पाठीवर खांद्याच्या पात्याखालची चरबी कमी नव्हती. म्हणजे यकृतासारखे पोटातले अवयव लहान, मांस कमी, पण चरबी जपून ठेवलेली. 2003 मध्ये हा पेपर छापून आला आणि ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ हा शब्द रूढ झाला. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक फोटो आला. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी होते. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना एका फोटोत उत्तर मिळालं. शास्त्रज्ञानं स्वतःलाच नमुना म्हणून उभं करावं, हे तसं विरळच.

आता संशोधकाचं वजन कसं मोजतात तेही बघू. नवा पेपर लिहिणारा ज्या जुन्या पेपरचा आधार घेतो, त्याचं नाव लिहितो. त्याला सायटेशन म्हणतात. याचीच पुढची मोजणी म्हणजे एच-इंडेक्स. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं ती 2005 मध्ये सुचवली. समजा एखाद्याची 30 वावरं आहेत. त्यातल्या 10 वावरांत प्रत्येकी निदान 10 पोती निघाली आणि बाकीच्यांत 10 च्या वर काही गेलं नाही, तर त्याचा एच-इंडेक्स 10. एकाच वावरात 500 पोती निघाली म्हणून तो वाढत नाही. गुगल स्कॉलरवर प्रत्येक पेपरखाली सायटेशनचा आकडा फुकट दिसतो, मोबाईलवरही.

पण हा आकडा उपयोगाचा असला तरी पुरता नाही. एखादा पेपर खोडून काढण्यासाठी उल्लेख केला तरी तो मोजणीत येतो. स्वतःच्याच जुन्या पेपरचा उल्लेखही येतो. आणि पेपरवर नावं संशोधकांची असतात. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं दार उघडलं, सुई टोचून घेतली, त्यांची नावं गुपित ठेवावी लागतात, ते बरोबरही आहे. मोजणीत मात्र त्यांचा वाटा कुठं दिसत नाही.

याच बायकांच्या रक्तातून आणखी एक गोष्ट निघाली. सुमारे दोन-तृतीयांश जणींत बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट मात्र जवळपास सगळ्यांत पुरेसं होतं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर 653 मुलं तपासली. ज्यांच्या आईचं बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. 2008 च्या या पेपरचा जगभर आधार घेतला गेला.

इथं एक गफलत होऊ नये. हा संबंध आहे, पक्का पुरावा नव्हे. सरकारी दवाखान्यातून मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी बाळाच्या मणक्यातला आणि मेंदूतला जन्मदोष टाळायला मदत करते, ती गरोदर बाईनं बंद करू नये. प्रश्न बी-12 चा आहे. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत मिळतं. भाजी-भाकरीत मिळत नाही. शुद्ध शाकाहारी घरात दूध सगळं डेअरीला जात असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घेतलेलं बरं.

सहा गावांतली ती बाळं पुढं 18 वर्षांची झाली. 2021 मध्ये आलेल्या पेपरात त्यांच्या साखरेचे आकडे आहेत: मुलांपैकी 37 टक्के आणि मुलींपैकी 18 टक्के जणांची साखर नेहमीपेक्षा जास्त. त्यातले बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अंगानं मात्र ही पोरं बारीकच. त्याआधी, 2012 पासून, याच मुला-मुलींना लग्नाआधीच्या वयात बी-12 देऊन बघायचा प्रयोग सुरू झाला होता. त्यांना होणाऱ्या बाळांचीही मोजणी ठेवायची, असं त्यात ठरलं होतं. आजी, आई आणि नातवंड, अशी ती तिसरी पिढी.