बाळुत्याचं कूळ

बाळुतं विकत आणायची वस्तू नव्हती. घरात कुणाला दिवस गेले की सासू ट्रंकेच्या तळाशी असलेली जुनी लुगडी काढायची. विटलेलं, अंगाला मऊ लागणारं, पण अजून न फाटलेलं लुगडं हवं असायचं. आजोबांचं धोतर मिळालं तर फारच चांगलं. टर्रकन फाडून त्याचे चौकोन करायचे. काहींचे त्रिकोणी लंगोट शिवून त्यांना नाडी लावायची, बाकीची बाळुती तशीच राहू द्यायची. बाळाखाली दुपटं, दुपट्याखाली मेणकापड आणि सगळ्यात खाली गोधडी अशी थरांची रचना असे. माहेरच्या बाळंतविड्यातली झबली, टोपडी, कुंची कोरी चालायची. बाळुतं मात्र जुनंच लागायचं.

या जुन्याच्या आग्रहामागे कापसाचा स्वभाव आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ लेप असतो, त्यामुळे बोंडातला कापूस पाण्यात टाकला तर बराच वेळ तरंगतो. नव्या कापडाला खळही असते. क्षारानं उकळून, धुऊन धुऊन हा लेप गेला, वीण सैल झाली, की कापड पाणी पिऊ लागतं. ब्रिटिश शल्यवैद्य सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० साली कापसावर हीच प्रक्रिया करून जखमेवर बांधायची शोषक गादी तयार केली. लुगड्यावर ती प्रक्रिया दहा वर्षं रोजच्या धुण्यातून आपोआप झालेली असायची.

हे कापड कुठून यायचं, ते ढाणकीसारख्या गावात दिसतं. ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं गाव. नदीपलीकडे आता नांदेड जिल्हा आहे. पूर्वी तिथून निजामाची हद्द लागायची आणि अलीकडे वऱ्हाड होतं. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. कापूस गावाबाहेर जायचा आणि गिरणीचं कापड गावात यायचं. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हापासून त्या कापडाचा काही भाग तरी विदर्भातच विणला जाऊ लागला. धोतर असो की लुगडं, त्याचा प्रवास ठरलेला होता: अंगावरून गोधडीत, गोधडीतून दुपट्यात, मग बाळुतं आणि शेवटी चुलीचं पोतेरं.

पण नुसत्या कापडावर बाळुत्याचं भागत नसे. त्याला हात लागायचे. सोयर असेपर्यंतचं धुणं बऱ्याच घरांत वरठीणबाईकडे असे. वरठी म्हणजे परीट. सोयर फिटली की धुणं आजी, आत्या, काकू यांच्यात वाटलं जाई. शिवाय बाळाला दिवसभर गुंडाळून ठेवायची रीत नव्हती. दूध प्यायल्यावर, झोपेतून उठल्यावर त्याला पायावर धरून ‘शूऽ शूऽ’ करायचं. सवयीचा हात असलेल्या आजीला वेळ बरोबर कळायची आणि तेवढी बाळुती वाचायची. बाकीच्यांची काळजी घ्यायला ऊन होतं. दिवेलागणीच्या आत बाळाचे कपडे घरात घ्यायचे, बाहेर राहिले तर रात्रीच्या पाखराची सावली पडते, असं म्हणत. बाळाचे कपडे पिळू नयेत, पोटात कळ येते, असंही सांगत. ही समजूत खरी असो नसो, न पिळलेलं विरलेलं कापड जास्त दिवस टिकतं, हे खरंच.

या व्यवस्थेचा पाया खचला तो डायपर येण्याच्या कितीतरी आधी. टेरिकॉट आलं, नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या चटकन वाळायच्या, इस्त्री मागायच्या नाहीत, वर्षानुवर्षं फाटायच्या नाहीत. रानात राबणाऱ्या बाईला त्या सोयीच्याच होत्या. पुरुषांनी धोतर सोडलं, नातसुनांनी नऊवारी सोडली. मग घरात जुने कपडे ढिगानं साठले, पण त्यातलं पाणी पिणारं कापड उरलं नाही. पॉलिस्टरच्या साडीचं बाळुतं होत नाही, ओल त्यावरून घरंगळून खालच्या गादीत जाते. ज्या शिवारात पऱ्हाटी उभी होती, त्याच गावात बाळासाठी सुती कापड मीटरवर विकत घ्यायची वेळ आली.

दुसरं कूळ, म्हणजे डायपरचं, लाकडाचं. पहिल्या महायुद्धात कापूस मलमपट्टीला लागत होता आणि स्फोटकांनाही. तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीनं लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा थर काढला. तो सुती गादीपेक्षा जास्त ओल धरायचा आणि स्वस्तही होता. रेडक्रॉसच्या परिचारिकांनी तो मासिक पाळीसाठी वापरायला सुरुवात केली, आणि युद्ध संपल्यावर १९२० साली कंपनीनं त्याचंच कोटेक्स बाजारात आणलं. १९४०च्या दशकात स्वीडनमध्ये बाळाच्या चड्डीत घालायच्या लगद्याच्या गाद्या निघाल्या.

पुढचं पाऊल धुणी धुऊन थकलेल्या दोन आयांनी उचललं. युरोप-अमेरिकेत लंगोटाला नाडीऐवजी सेफ्टी पिन लावायचे. ती वॉल्टर हंट यांनी १८४९ साली काढलेली. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ साली न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचं जलरोधक आवरण शिवलं आणि पिनेऐवजी टिचबटणं लावली. कारखानदारांनी नाक मुरडलं. १९४९ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात ते विकायला आलं आणि हातोहात खपलं. त्यानंतर त्यांनी टाकाऊ कागदी लंगोटाची कल्पना मांडली, तेव्हाही कागद कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. ब्रिटनमध्ये सैन्याधिकाऱ्याच्या पत्नी व्हॅलरी हंटर गॉर्डन यांनी तिसऱ्या बाळाच्या वेळी, १९४७ साली, हवाई छत्रीच्या नायलॉनची चड्डी शिवून तिच्यात टाकून द्यायची गादी बसवली. मैत्रिणींकडून मागणी येत गेली आणि त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर चारशेच्या वर नग शिवले. ‘पॅडी’ या नावानं ते पुढे दुकानांत आले.

पॅम्पर्स डायपरची कथा प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या व्हिक्टर मिल्स यांच्यापासून सुरू होते. नातवंडाचे लंगोट बदलायचा त्यांना वैताग आला होता. पहिली चाचणी टेक्ससमधल्या डॅलसला, भर उन्हाळ्यात झाली. प्लास्टिकच्या चड्डीत मुलं उकाड्यानं हैराण झाली आणि नमुना फसला. सुधारलेला डायपर १९६१ साली इलिनॉयमधल्या पिओरिया गावात विकायला ठेवला, दहा सेंटला एक. तोही महाग म्हणून रेंगाळला. किंमत उतरवल्यावर मात्र चालला.

याच पिओरियात अमेरिकी कृषी खात्याची प्रयोगशाळा होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या स्टार्चपासून एक पदार्थ बनवला, जो स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरून ठेवायचा. हेतू शेतीचा होता: कोरड्या जमिनीत मुळाशी ओल टिकावी. पुढे पेट्रोलियमपासून तशीच शोषक भुकटी होऊ लागली आणि १९८०च्या दशकात जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी ती डायपरात भरली. लघवीतल्या क्षारांमुळे ती तिथे शेकडो पट शोषत नाही, तीसेक पटच शोषते. पण तेवढ्यानं डायपर पातळ झाला आणि बाळाचं अंग रात्रभर कोरडं राहू लागलं. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं कोरडवाहू पिकांसाठी ‘पुसा हायड्रोजेल’ काढलं, तेही याच गोतातलं. कोरडवाहू कापसाच्या गावात ही भुकटी आधी पोचली ती मात्र बाळाच्या चड्डीतून.

भारतात १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सणसवाडीत हगीज डायपर बनू लागले. नंतर चड्डीसारखे घालायचे डायपर आले आणि एकेकाच्या सुट्या पाकिटातही मिळू लागले. लहान गावांत डायपर रुजला तो या सुट्या पाकिटामुळे. लग्नाला जायचंय, एसटीचा प्रवास आहे, दवाखान्यात न्यायचंय, म्हणून एक घ्यायचा. मग पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून चार. मग रोज रात्री एक. सासू वेगळी राहते, वरठीण येत नाही, सून सकाळी कामाला जाते. अशा घरात दिवसाला पंधरा बाळुती धुणार कोण, या प्रश्नाला बाजारानं दिलेलं हे उत्तर होतं. त्यासाठी सुनेला आळशी म्हणणाऱ्यांनी आपल्या लहानपणी आपली बाळुती किती जणी धूत होत्या, ते मोजावं.

डायपरचं खरं ओझं वापरून झाल्यावर सुरू होतं. लगदा, प्लास्टिक, भुकटी आणि मैला यांचा तो गोळा कुजतही नाही आणि नीट जळतही नाही. उत्पादकानं विल्हेवाटीसाठी पिशवी द्यावी आणि वापरणाऱ्यानं डायपर गुंडाळून वेगळा द्यावा, असं २०१६च्या घनकचरा नियमांनी ठरवलं. त्याआधी २०१३ साली पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायांनी मासिक पाळीचे वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट कंपन्यांना परत पाठवले होते. ढाणकीला आता नगरपंचायत आहे. पण अशा लहान गावात गुंडाळलेला डायपरही शेवटी उकिरड्यावर, नाल्यात किंवा पेटत्या ढिगात जाण्याचीच भीती जास्त.

मग कापडी लंगोट निर्दोष ठरतो का? ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २००८ साली मांडलेल्या हिशेबात अडीच वर्षांच्या वापरात दोन्हींचा कार्बन भार जवळपास सारखा निघाला: टाकाऊचा ५५० किलो, कापडीचा ५७०. पण लंगोट दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतलं आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडीचा भार ४० टक्के उतरतो. २०२३च्या नव्या अभ्यासात कापडी लंगोट सरळ २५ टक्के हलका ठरला. इंग्रजांना दोरीवर वाळवा असं सांगावं लागतं, आपल्याकडे ऊन फुकट आहे. अडचण पाण्याची आहे. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळ शहर टँकरवर आलं. घागर मोजून वापरायच्या दिवसांत लंगोट भिजत घालणं सोपं नसतं.

कापडाचं कूळ आता नव्या रूपात परत आलंय. मुंबईत पल्लवी उटगी यांनी २०१६ साली सुरू केलेल्या सुपरबॉटम्ससारख्या कंपन्या टिचबटणांचे, आत सुती गादी बसवायचे कापडी डायपर विकतात. ही गादी नवी आणली की आधी पुन्हा पुन्हा धुवावी लागते, तेव्हा ती नीट शोषते. बाहेरचं आवरण पॉलिस्टरचं असतं. ज्या धाग्यानं बाळुतं घालवलं, तोच आता पाणी अडवायला कामी येतोय.

ढाणकीतल्या घरानं ठरवायचं तर हिशेब कठीण नाही. दिवसा घरात सुती लंगोट किंवा उघडं बाळ, उन्हाळ्यात तर उघडंच बरं. रात्री, प्रवासात आणि झडीच्या दिवसांत डायपर. म्हणजे दिवसाला एखादाच डायपर लागेल आणि तोही गुंडाळून वेगळा देता येईल. लंगोट खरेदी करायच्या आधी मात्र एक गोष्ट घरात बोलून घ्यावी: धुणार कोण. डोनोव्हन, गॉर्डन आणि मिल्स या तिघांनी जे शोधलं, ते धुण्याच्या आणि बदलण्याच्या कटकटीतून सुटायलाच. ती कटकट पुन्हा एकट्या आईच्या पदरात टाकली, तर पंधरा दिवसांत घरात डायपरचं मोठं पाकीट येईल. बाळाच्या बापानं सकाळची बादली उचलली, तर कापड टिकेल.