‘विष आढळले नाही’ म्हणजे नक्की काय?

पेपरात एक वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून रासायनिक तपासणीसाठी पाठवण्यात आला आहे.’ बहुतेक वेळा बातमी इथेच संपते. लहानपणी मला वाटायचं की व्हिसेरा हे कुठल्यातरी यंत्राचं नाव असावं! जठर, आतडी, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांना मिळून तसं म्हणतात हे कळलं ते मामांमुळे. मामांची सगळी नोकरी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत, विषशास्त्र विभागात गेली. आम्ही भाचेमंडळी त्यांना नेमके जेवताना नको ते प्रश्न विचारायचो आणि मामी वैतागायची.

परवा मामांकडे गेलो होतो तेव्हा मी वैतागलेला होतो. आमच्या सॉफ्टवेअरमधला एक बग मी दोन दिवस शोधला, सापडला नाही, म्हणून ‘असा बग नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. आठवड्याभरात तोच बग ग्राहकाकडे पुन्हा उपटला, आणि मग व्हायचं ते झालं. मामांनी शांतपणे विचारलं, "तू ‘नाही’ असं लिहिलंस, की ‘सापडला नाही’ असं लिहिलंस?"

झालं. त्या एका प्रश्नावरून गाडी जी सुरू झाली ती रात्री अकराला थांबली. नंतर दोन शनिवार मी यावर वाचत बसलो. त्यातलंच थोडंसं इथे लिहितो आहे.

आधी काम कसं चालतं ते पाहू. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर आणि त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, साधारण अर्धा किलो यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग बरण्यांत भरतात. तो टिकावा म्हणून काय घालतात? चक्क मीठ! साध्या मिठाचं संपृक्त द्रावण. म्हणजे लोणच्याचीच युक्ती. (हे ऐकल्यावर मामींनी आमचं जेवणाच्या टेबलावर बोलणं बंद केलं होतं.) रक्त वेगळ्या बाटलीत, त्यात सोडियम फ्लोराइड. मग लाखेचं सील, सीलचा नमुना, पोलिसांचं पत्र. यासोबत आणखी एक बाटली जाते, ती मला सगळ्यात आवडली. तिच्यात नुसतं वापरलेलं मिठाचं पाणी असतं, बाकी काही नाही. ती कशासाठी, ते पुढे येईलच.

प्रयोगशाळेत ‘विष आहे का?’ अशी एकच चाचणी नसते. आपल्याला वाटतं एक यंत्र असेल, इकडून नमुना घातला की तिकडून विषाचं नाव छापून येईल. तसं काही नसतं. उडून जाणारी विषं, म्हणजे दारू, सायनाइड वगैरे, एका वाटेने शोधायची. सोमल, पारा यांसारखी धातूवर्गातली दुसऱ्या वाटेने. धोतरा, अफू, बचनाग यांसारखी वनस्पतिजन्य तिसऱ्या. कीटकनाशकांची आणखी वेगळी वाट. नमुना तर मोजकाच. म्हणून प्रेताची हकिकत, लक्षणं, घटनास्थळी काय सापडलं, हे पत्रात नीट लिहिलेलं असेल तर कुठली वाट आधी धरायची ते ठरवता येतं. पत्रात फक्त ‘संशयास्पद मृत्यू’ एवढंच असेल तर मग शोधत बसा!

या वाटा कशा पडल्या त्याची गोष्ट फार रंजक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात सोमल हे खुन्यांचं लाडकं विष होतं. त्याला चव नाही, वास नाही, आणि लक्षणं पटकीसारखी. इंग्लंडमध्ये वूलिचच्या शस्त्रागारात काम करणाऱ्या जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाला एका खटल्यात कॉफीतला सोमल शोधायला सांगितलं. त्याला तो सापडलाही. पण ज्यूरीला दाखवायच्या वेळेपर्यंत चाचणीत आलेला पिवळा साका खराब झाला होता. आरोपी सुटला, आणि पुढे त्याने आपणच खून केल्याचं कबूल केलं. मार्श चिडला आणि कामाला लागला. १८३६ साली त्याने नवी पद्धत प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्ल यांच्यात नमुना घालायचा, सोमल असेल तर त्याचा वायू होतो, तो तापवला की काचेवर काळसर चकचकीत आरसा धरतो. हा आरसा कोर्टात दाखवता येतो!

पण सोमल हा धातूसारखा, तो कुठे जात नाही. वनस्पतीचं विष शरीरात गेलं की संपलं, ते परत काढता येणार नाही, असंच तेव्हाच्या मोठमोठ्या तज्ज्ञांना वाटत होतं. १८५० साली बेल्जियममध्ये बोकार्मे नावाच्या एका सरदाराने आपल्या मेव्हण्याला निकोटीन पाजून मारलं. तंबाखूपासून ते त्याने स्वतः घरीच तयार केलं होतं. ज्याँ स्तास या रसायनतज्ज्ञाने मेव्हण्याच्या अवयवांतून ते निकोटीन बाहेर काढून दाखवलं. युक्ती साधी आहे. ही विषं आम्लात असली की पाण्यात राहतात, आणि पाणी अल्कधर्मी केलं की पाणी सोडून ईथरमध्ये जातात. म्हणजे आधी आम्ल घालून चरबी वगैरे कचरा काढून टाका, मग अल्कली घाला आणि विष ईथरमध्ये ओढून घ्या. १८५१ मध्ये बोकार्मेचं डोकं गिलोटिनखाली गेलं. पुढे ऑटो या जर्मन रसायनतज्ज्ञाने हीच पद्धत सुधारली. मामांच्या पिढीने आयुष्यभर वापरली ती ही स्तास-ऑटो पद्धतच.

इथवर वाचून वाटेल, वा! विज्ञान जिंकलं! आता ही दुसरी गोष्ट ऐका.

१८५९, इंग्लंड. थॉमस स्मेथर्स्ट नावाच्या डॉक्टरवर त्याच्या बायकोला (पहिली बायको जिवंत असताना केलेली दुसरी!) विष दिल्याचा आरोप होता. तपासणी केली आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी. विषशास्त्रातला त्या काळचा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा माणूस. त्यांना एका बाटलीत सोमल सापडला. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की तो सोमल बाटलीतला नव्हता, चाचणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतला होता! तांब्यात सोमलाची भेसळ असते, बाटलीतल्या द्रव्याने तांबं विरघळलं आणि सोमल बाहेर आला. टेलर यांनी कोर्टात चूक मान्य केली. तरीही ज्यूरीने स्मेथर्स्टला दोषी ठरवलं आणि त्याला फाशी सुनावली गेली. गदारोळ झाला, पुन्हा वैद्यकीय मत मागवलं गेलं आणि शेवटी त्याला माफी मिळाली. मग दुसऱ्या लग्नाबद्दल तुरुंगात गेला तो भाग वेगळा.

आता कळलं ना नुसत्या मिठाच्या पाण्याची बाटली कशासाठी? जे सापडलं ते माणसात होतं की मिठात, हे सांगता यावं म्हणून. आम्ही प्रोग्रामर लोक टेस्ट लिहितो, पण टेस्टच बिघडलेली असेल तर काय, हे किती जण तपासतात?

म्हणजे चूक दोन्हीकडून होते. नसलेलं सापडतं आणि असलेलं सापडत नाही. पहिल्या चुकीने निरपराध माणूस फासावर जाऊ शकतो. दुसरीने काय होतं? त्यासाठी पुण्यात यायला हवं.

लागू खटल्याबद्दल जुन्या पुणेकरांच्या तोंडून तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. लक्ष्मीबाई कर्वे या पुण्यातल्या पैसेवाल्या विधवा बाई. मधुमेही. डॉ. अनंत चिंतामण लागू हा त्यांचा डॉक्टर. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघं पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघाले. पहाटे व्हीटीला गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध. लागूने त्यांना जवळच्या जी. टी. हॉस्पिटलात नेलं, नाव भलतंच सांगितलं आणि आपली त्यांची फारशी ओळख नसल्यासारखं दाखवलं. बाई त्याच दिवशी, १३ नोव्हेंबरला, गेल्या. कारण लिहिलं गेलं मधुमेहातली बेशुद्धी. नावच खोटं, मग प्रेत न्यायला येणार कोण? ते बेवारस ठरलं. शवविच्छेदन झालं ते सुमारे दहा दिवसांनी. व्हिसेरा सरकारी रासायनिक विश्लेषकांकडे गेला. अहवाल आला: विष आढळले नाही.

इकडे पुण्यात काय चाललं होतं? बाईंच्या नावाने पत्रं येत होती. मी यात्रेला गेले आहे, मी पुन्हा लग्न केलं आहे, माझा शोध घेऊ नका. आणि त्यांचा पैसा एकेक करून लागूच्या हाती जात होता. नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना संशय आला, तक्रारी झाल्या, तेव्हा कुठे १९५८ मध्ये पोलिसांनी पुण्याच्या हरवलेल्या बाई आणि मुंबईचं बेवारस प्रेत यांचा सांधा जुळवला.

पण कोर्टापुढे प्रश्न होता तो असा: विष सापडलेलंच नसताना विषप्रयोगाची शिक्षा द्यायची कशी? डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने लागूची शिक्षा कायम केली. न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की काही विषं मागे खूण ठेवत नाहीत, काही कुजण्यात नष्ट होतात, आणि आरोपी स्वतः डॉक्टर असेल तर त्याला हे माहीत असतं. अशा वेळी बाकीची परिस्थिती पुरेशी भक्कम असेल तर केवळ अहवाल नकारार्थी आहे म्हणून खटला कोसळत नाही. खोटं नाव, खोटी पत्रं, लुबाडलेला पैसा, सगळं एकत्र बघायचं.

तिसरे न्यायमूर्ती सरकार यांना हे पटलं नाही. बाई नैसर्गिक कारणाने गेल्याच नसतील असं सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं मत होतं. खरं सांगायचं तर मी दोन्ही बाजू वाचून हलून गेलो. हिदायतुल्ला यांचं पटतं. पण सरकार यांचीही भीती खरी वाटते. ‘सापडलं नाही तरी असू शकतं’ हे वाक्य उद्या कुणाच्याही विरुद्ध वापरता येईल की!

योगायोग बघा, त्याच सुमारास, १९५७ साली, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये केनेथ बार्लो नावाच्या नर्सची बायको बाथटबमध्ये मेलेली सापडली. नेहमीच्या तपासण्यांत काहीच मिळालं नाही. पण डॉक्टर थांबले नाहीत. भिंग घेऊन सगळी कातडी तपासली, तेव्हा सुईच्या बारीक खुणा दिसल्या. तिथली ऊती काढून तिचा अर्क उंदरांना टोचला तर ते इन्सुलिन दिल्यासारखे कोसळले. तोवर इन्सुलिन हे खुनाचं हत्यार म्हणून सिद्ध झालेलं नव्हतं, त्यासाठीची वाटच कुणी पाडलेली नव्हती. तिथे ती सुईच्या खुणेमुळे पडली. आपल्याकडे दहा दिवस बेवारस पडलेल्या देहात अशी खूण कोण शोधणार होतं?

मी मामांना विचारलं, "मग तुम्ही ‘विष आढळले नाही’ असं लिहायचात, तेव्हा झोप लागायची?"

ते म्हणाले, "अरे, ‘आढळले नाही’ एवढंच खरं आहे म्हणून तर तेवढंच लिहायचं. ‘विष नाही’ असं मी एकदाही लिहिलं नाही."

हे शब्द का महत्त्वाचे? कारण आपल्याकडे अशा सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तो स्वतः कोर्टात न येताही पुरावा म्हणून वाचता येतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ३२९ आहे. कोर्टाला वाटलं तर बोलावतात, नाहीतर कागदच बोलतो. आता प्रयोगशाळांत मास स्पेक्ट्रोमीटर आले, स्तासला स्वप्नातही दिसली नसती इतकी सूक्ष्म मात्रा पकडता येते. पण ते यंत्रही समोर आलेला आलेख ओळखीच्या पदार्थांशीच ताडून बघतं. यादीत नसलेल्याचं नाव ते कुठून सांगणार?

आमच्या क्षेत्रात डाइक्स्ट्रा नावाचे मोठे संगणकशास्त्रज्ञ होऊन गेले. चाचणीने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं आम्ही कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मामांनी ते कधी वाचलेलं नाही.

असो. सोमवारी ऑफिसात जाऊन ती जुनी तक्रार पुन्हा उघडली. शेरा बदलला: अमुक आवृत्तीवर, अमुक तीन प्रकारे तपासलं, आढळलं नाही. चौथा प्रकार ग्राहकाच्या पत्रात होता. मी ते पत्र नीट वाचलंच नव्हतं.