स्मार्ट प्लगला टायमर लावल्याने वीजबिल खरंच कमी होतं का?

‘वॉशिंग मशीन रात्री लावा, वीज स्वस्त पडते’ हा सल्ला सोशल मीडियावर नेहमी फिरतो. परदेशात अनेक ठिकाणी तो बरोबरही आहे. महाराष्ट्रात मात्र घरगुती ग्राहकांसाठी सवलतीची वेळ रात्रीची नाही, दिवसाची आहे.

सवलत कधी आणि कोणाला?

दिवसा सौरऊर्जा भरपूर मिळते, म्हणून त्या वेळेतला वापर वाढावा असा हेतू आहे. महावितरणने 1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे सवलत जाहीर केली. त्यासाठी वापराची वेळ नोंदवणारा स्मार्ट टीओडी मीटर लागतो. साधा मीटर फक्त एकूण युनिट मोजतो. तिथे मशीन कधीही लावलं तरी बिल तेवढंच येतं. दर बदलत असतात आणि मुंबईतल्या इतर वीज कंपन्यांचे दर वेगळे आहेत, त्यामुळे आधी आपलं बिल पाहावं.

किती पैसे वाचतात?

ई-स्कूटरचं चार्जिंग आणि कपडे धुणं मिळून रोजचा 3 युनिट वापर रात्रीऐवजी दुपारी केला, तर दिवसाला 2.40 रुपये, म्हणजे महिन्याला 72 रुपये वाचतात. फक्त फोनच्या चार्जरसाठी स्मार्ट प्लग घेतला, तर त्याची किंमतही वसूल होत नाही.

टायमर कुठे लावावा?

• गिझर: अंघोळीच्या थोडं आधी चालू, नंतर बंद. दिवसभर चालू ठेवला तर थंड होणारं पाणी तो पुन्हा पुन्हा तापवतो.
• एसी: पहाटे उठण्याच्या तासभर आधी बंद.
• वॉशिंग मशीन: दुपारी, घरात कोणीतरी असताना.

गिझर आणि एसीच्या टायमरने एकूण युनिट कमी होतात, त्यामुळे साध्या मीटरवरही फायदा होतो. वापर 100 किंवा 300 युनिटच्या आत राहिला, तर वरच्या स्लॅबचा महागडा दरही टळतो.

कुठे लावू नये?

फ्रिज बंद-चालू करू नये. पाणी तापवायचा रॉड आणि इस्त्री टायमरवर कधीच ठेवू नये. बादली रिकामी असेल किंवा इस्त्री कपड्यावर राहिली असेल, तर आग लागू शकते. गिझर, एसीसाठी 16 अँपिअरचाच स्मार्ट प्लग वापरावा. लहान प्लग तापून वितळू शकतो.