चेन्नईतील संधिवात आणि भाषेचा अडसर

काही वर्षांपूर्वी निवडणूक निरीक्षक म्हणून मी चेन्नईला गेले होते. तेथील साहुकारपेठेत सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची बरीच गलाई कुटुंबे राहतात. सोने-चांदी गाळून शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय. अशाच एका घरातील मावशींनी मला आपले हात दाखवले. "सकाळी बोटं आखडतात, तासभर मूठ वळत नाही," त्या म्हणाल्या. इस्पितळात मात्र त्यांच्या मुलाने मोडक्या तमिळमध्ये एकच शब्द सांगितला होता, "वलि", म्हणजे दुखणे. केसपेपरवर तेवढेच उतरले आणि दोन वर्षे वेदनाशामक गोळ्या चालू राहिल्या. सकाळी दीर्घकाळ टिकणारा आखडलेपणा ही आमवाताची महत्त्वाची खूण. नेमकी तीच भाषांतरात गळाली होती.

उपचारांतील अशा भेदाला या शहरात जुना इतिहास आहे. येथील सरकारी जनरल हॉस्पिटलचा आरंभ 1664 साली सेंट जॉर्ज किल्ल्यात झाला, तो इंग्रज सैनिकांसाठी. भारतीयांना त्याचे दार उघडले 1842 मध्ये, म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी. याच तमिळ मुलखात तंजावरला सरफोजीराजे दुसरे (1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महाल चालवला. राजा मराठी, पण तेथील अनुभवसिद्ध उपचार तमिळ पद्यांत संकलित झाले. प्रजेला कळेल अशा भाषेत वैद्यक आणण्याची ही प्रशासकीय दृष्टी मला फार मोलाची वाटते.

पुढे 1970च्या दशकात याच जनरल हॉस्पिटलात डॉ. ए. एन. चंद्रशेखरन यांनी संधिवाताचा स्वतंत्र विभाग उभारला. देशातील अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते. आज तेथे कोणाची जात वा वंश विचारला जात नाही. मग भेद उरतो कोठे?

तो उरतो या आजाराच्या मोजमापात. आमवाताची तीव्रता ठरवताना डॉक्टर 28 सांधे तपासतात, रक्त तपासतात, आणि रुग्णाला स्वतःला कसे वाटते यालाही गुण देतात. रुग्णाचे सांगणे हा तपासणीचाच भाग असतो. ते अपुरे पोचले तर उपचारही अपुरे होतात. मेथोट्रेक्सेट हे यावरील प्रमुख आणि स्वस्त औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सूचना न कळल्याने ते रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत वृद्धांना सरकारी विमा असूनही कृष्णवर्णीय पुरुषांत गुडघाबदल शस्त्रक्रियांचे प्रमाण गोऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कागदावर हक्क समान असला म्हणजे लाभही समान मिळतो असे नाही.

उपायाची दिशा आपल्याकडेच सापडते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पाहणीत कार्यकर्ते घरोघरी गेले आणि चार हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्याच भाषेत सांध्यांबद्दल विचारले. दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात असल्याचे त्यातून कळले. भारतीय रुग्णांसाठी तयार केलेल्या प्रश्नावलीत तर उकिडवे बसता येते का, मांडी घालता येते का, हेही विचारतात.

अशी आठ-दहा प्रश्नांची छापील पाने मराठी, तेलुगू, हिंदी, बंगालीत प्रत्येक मोठ्या इस्पितळाच्या खिडकीवर ठेवणे अवघड नाही. खर्च कागदाचा आणि छपाईचा. औषधाच्या पाकिटावर वाराचे नाव रुग्णाच्या भाषेत लिहिणे त्याहून सोपे.

मावशींसोबत मी एका तमिळ सहकारी भगिनींना पाठवले. त्यांनी प्रत्येक वाक्य नीट सांगितले आणि त्याच आठवड्यात निदान झाले. आता आखडणे थांबले आहे, पण दोन वर्षांत वाकडी झालेली बोटे सरळ झाली नाहीत.