कन्हान-पेंच परिसरातील मृगया : मचाणाकडे जाणारी अदृश्य वाट

प्रस्तावना :
पेंच नदी कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे वैनगंगेला. या खोऱ्यातील शिकारीचा इतिहास सामान्यतः बंदूक आणि मारलेल्या जनावरांची संख्या यांच्या आधारे सांगितला जातो. शिकारी मचाणापर्यंत पोहोचत कसा आणि परतत कसा, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

शिकारीचे तंत्र :
चितळ व सांबर यांचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. त्यामुळे मचाणाची जागा पाणवठ्यापेक्षाही वाऱ्यावरून ठरे. सायंकाळी थंड हवा उतारावरून नाल्याकडे वाहते, तर सूर्य वर आल्यावर ती उलट फिरते. म्हणून येण्याची आणि परतण्याची वाट एकच असेलच असे नाही. वाटेवरील वाळका पाचोळा आधीच बाजूला केला जाई. शिकारी मचाणावर बसला की त्याचे सोबती मोठ्याने बोलत निघून जात. माणसे गेली असा समज होऊन जनावर निर्धास्त होई. परतताना घाई केली तर सांबराची एक इशाऱ्याची हाक सारे रान सावध करी आणि ती जागा पुढे निरुपयोगी ठरे.

ज्ञानाचे खरे धनी :
1821 मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा या भागात वावर वाढला. जेम्स फोर्साइथ (1871), आर. ए. स्टर्नडेल (1877) व डनबार ब्रँडर (1923) यांनी मध्य भारतातील रानांवर ग्रंथ लिहिले. मात्र साहेबाला वाट दाखविणारे बहुधा गोंड व अन्य स्थानिक वाटाडेच होते.

मोकळ्या माळावर मचाण उपयोगाचे नसे. रसेल व हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात पारध्यांच्या 'गायके' या शाखेची नोंद केली आहे. हे लोक बैलाच्या आडून सावजाकडे सरकत. चरणाऱ्या गुराला हरीण बुजत नाही, या निरीक्षणावर ही पद्धत उभी होती. येथे आडोसाच चालता होता.

कायद्याचा परिणाम :
1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले सरकारच्या ताब्यात गेली. परवाना असलेल्याची मृगया हा छंद ठरला, तर पोटासाठी केलेली शिकार हा गुन्हा ठरला. दुसरीकडे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अंमलाखाली पारध्यांचे अनेक गट आले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी कलंक पुसला गेला नाही. अदृश्यपणे चालण्याचे एकच कौशल्य साहेबाच्या ग्रंथात गुण म्हणून आले आणि पारध्याच्या बाबतीत संशयाचे कारण बनले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे पर्व कायद्याने संपले. पेंचला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि 1999 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणांवरून वन्यप्राणी पाहण्याचा उपक्रम वनविभाग राबवितो. तेथेही निःशब्द बसणे आणि उजाडेपर्यंत खाली न उतरणे हीच शिस्त असते.

निष्कर्ष :
मचाण टिकले, हेतू बदलला. परंतु ज्यांच्या पिढीजात अनुभवातून ही शिस्त घडली, त्यांचे नाव इतिहासात तळटीपेपुरतेच उरले. संवर्धनाच्या कार्यात या समाजांच्या ज्ञानाला मानाचे स्थान देणे ही केवळ सहानुभूती नव्हे, तर ऐतिहासिक ऋणाची परतफेड होय.